पत्रिकेचं प्रूफ

आर्वीच्या प्रेसवाल्यानं ताईच्या लग्नाच्या जुन्या पत्रिकेतच माझं नाव टाकून प्रूफ मेल केलं. आईनं दुपारभर खपून ते सुधारलं. आता उघडलं, तर जसंच्या तसं! “सेव केलतं न वं मी, मयुरी. गेलं कुठी?” आई गांगरली. “मेलमधूनच उघडून लिहिलं तर ते भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन बसते,” मी चिडून शोधत होते. प्रेसवाल्याचा फोनवर फोन. एकदाचं सापडलं. मामाचं गाव सुधारलेलं, आत्याचं राहिलेलं नाव घातलेलं. बाबांच्या नावाआधी मात्र जुनं ‘श्री.’ तसंच. “आई, इथं ‘कै.’ लिहिलंच नाई तू.” “लिहिलं होतं न! मले चांगलं आठवते.” पदरानं चष्मा पुसून ती पुन्हा वाचू लागली. “मंग पुसलं कोणं?” फोन वाजला. मी लॅपटॉप ओढला, ‘श्री.’ पुसलं. पुढचं अक्षर कोणत्या बटणावर असतं, तेच मला आठवेना.