मागातला बिघाड

अण्णांचा उभा जन्म मागावर गेला. कापडाला हात लावून ताण ओळखायचा आणि विणलेलं कापड रुळावर गुंडाळायचं, हे काम त्यांचंच. मग मुलाने नवा माग आणला. तो कापड आपलं आपण गुंडाळतो आणि ताण वाढला की आपला आपण थांबतो. अण्णांना दारापाशी खुर्ची मिळाली.

काही दिवसांत माग उगाचच थांबू लागला. मुलाने मेकॅनिकला बोलावलं. त्याने सगळं उघडून पाहिलं, पण काही सापडेना. शेवटी तो खांबाआड उभा राहिला. अण्णा हळूच उठले आणि त्यांनी ताणलेल्या कापडावर अंगठा दाबला. माग थांबला.

"अरे, थांबला बघ परत! राहू दे, मी बघतो," असं ओरडून अण्णांनी कापडावरून हात फिरवला आणि माग सुरू केला.

मेकॅनिकने मुलाला बाहेर नेऊन सगळं सांगितलं.



"ते मला ठाऊक आहे हो," मुलगा म्हणाला. "तुम्ही फक्त त्यांच्यासमोर एवढं सांगा, की या मशीनचा काही भरवसा नाही, जवळ जाणता माणूस लागतोच."