बदलून आणलेली साडी

भाऊबीजेला दामोदरने आक्काला तीन हजारांची साडी दिली. आक्काच्या जावा बघत होत्या, त्यामुळे त्याची छाती वीतभर फुगली होती. शाळा उघडायची वेळ आली तेव्हा त्याला आठवलं, त्यात लेकीच्या गणवेशाचेही पैसे गेले. जुना गणवेश तर गुडघ्याच्या वर चढला होता.

“जरा खाली ओढून धर,” असं तो लेकीला सांगत होता, तोच आक्का पिशवी घेऊन आली.

“दाम्या, तो रंग मला नाही रे शोभत. दुकानदार मेला पैसे परत देईना, म्हणून बदलून आणलं.”

पिशवीत लेकीच्या मापाचे दोन गणवेश होते. दामोदरने लेकीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

“आणि उरलेल्या पैशांत तुला चार बनियन. ओवाळताना तुझी छाती फुगली ना, तेव्हा आतली सगळी भोकं दिसली मला.”