पडद्यावरचा नवरा

स्क्रीनवरच्या नवऱ्याने आजही कुमुदताईंचं वाक्य मध्येच तोडलं.

मालिकेच्या शूटिंगपायी नाटकाच्या नायकाला प्रयोगांना सवड नव्हती. म्हणून त्याचं काम व्हिडिओवर, आणि त्याने सोडलेल्या जागेत बायकोची वाक्यं कोंबायची कुमुदताईंनी. वीस वर्षं समोर उभा राहून तो त्यांची वाक्यं खायचा. रेकॉर्डिंगमध्येही तीच खोड. शेवटच्या लांब संवादाला पठ्ठ्याने चार सेकंद ठेवलेले!

भरल्या नाट्यगृहात कुमुदताईंनी हात वर केला. "थांबा! माझं संपलेलं नाही."

लॅपटॉप सांभाळणाऱ्या मेघनाने चटकन बटण दाबलं. नवरा आ वासून तसाच राहिला.

कुमुदताई अख्खा संवाद बोलल्या, एक शब्द न गाळता. टाळ्या ओसरल्यावर पदर खोचून स्क्रीनकडे वळल्या.

"हं, आता बोला."