जास्तीचे अकरा किलो

शर्यतीच्या सकाळी आमचं सत्तर वर्षांचं विमान सौदीतल्या अल खर्जच्या काट्यावर अकरा किलो जास्त भरलं. त्याला नवं इंजिन बसवण्यात आम्हा तिघांचं वर्ष गेलं होतं आणि आता आम्ही बाद होणार होतो.

"पायलटचं वजन कुठे धरतात?" मेकॅनिक खुर्शीदभाई म्हणाले. हा माणूस तीस वर्षं रत्नागिरीला जाताना बॅगेचं वजन कमी भरावं म्हणून विमानतळावर तीन शर्टांवर दोन जॅकेटं घालत आलाय.

त्यांनी विमानाची बॅटरी आणि रेडिओ काढून पायलट राहीलच्या जॅकेटात कोंबले. शेपटीचं चाक त्याच्या काखेत दिलं.

विमान वजनात बसलं. पण मल्याळी पंच राहीलपाशी थांबला.

"ये क्या है?"

"हँडबॅग," खुर्शीदभाई म्हणाले.

पंचाने चाक हातात तोलून पाहिलं आणि शिक्का मारला. "सात किलो के अंदर है. जाओ."