वजा अडुसष्ट

बायको गेल्यावर कुत्र्याला फिटचं औषध देण्याचं काम मास्तरांकडे आलं. ते वजनाप्रमाणे, बिनसुईच्या सिरिंजने मोजून द्यायचं. दर महिन्याला मास्तर त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहत आणि आकड्यातून आपले अडुसष्ट किलो वजा करत. कुत्र्याचं वजन घटतच चाललं होतं. हाताला बरगड्या लागत नव्हत्या, पण हयात गणित शिकवण्यात गेलेली; आकड्यावर विश्वास ठेवून ते डोस कमी करत गेले. आज कुत्र्याला पुन्हा फिट आली. डॉक्टरांनी त्याला दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं. “चौदा किलो. होता तेवढाच आहे. डोस का कमी केलात?” मास्तरांनी वजाबाकी सांगितली. डॉक्टरांची नजर त्यांच्या बेल्टला खिळ्याने पाडलेल्या नव्या भोकांवर गेली. “अडुसष्ट कधी मोजले होते?” “ही होती तेव्हा.” डॉक्टरांनी कुत्र्याला अलगद उतरवलं. “आता तुम्ही एकटे चढा, मास्तर.”