जावयाचा मान

जैनथच्या जिनिंगमधला वजनकाटा सकाळपासून बंद होता. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत खोळंबल्या होत्या. काट्याचं जुनं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या पोटातल्या संगणकात, चालायचं. दिवाळसणाला आलेल्या मालकाच्या जावयानं वेग वाढवायला त्याला मूळ संगणकातही नव्हती एवढी मेमरी दिली, मशीन उठेना. “उत्कर्षा, तुह्या हातून झालं म्हण,” ऑफिस सांभाळणाऱ्या धाकट्या लेकीला मालक म्हणाले. “जावयाचा मान हाये.” “खोटं काऊन बोलू?” “मग उद्यापासून हापिस जावईबापूच पाहतील.” “पाहू द्या.” ती उठली. “बसा भाऊजी. घरात दोन किलो पीठ अन् पाव्हण्याले चार किलोच्या भाकरी कुठून वाढता? मेमरी घटवा.” भाऊजींनी घटवली. मशीन सुरू झालं. मालकांनी खिडकीतून गाडीवाल्यांना ओरडून सांगितलं, “आमच्या जावयानं मशीन दुरुस्त केलं!” उत्कर्षानं दुसरी खिडकी उघडली. “बिघडवलं बी त्यायनंच!”