थांबलेला हात

सर्व्हरच्या पडद्यावर पिवळी खूण लागली तशी कल्याणी खुर्चीत पुढे सरकली. भामरागडच्या दवाखान्यातले यांत्रिक हात तीन मिनिटांपासून हलले नव्हते. चार मिनिटं भरली की जोडणी आपोआप तुटायची आणि ते हात मागे सरायचे. सर्व्हरवर जागा थोड्या आणि वाट पाहणारी गावं पुष्कळ, म्हणून ही मर्यादा कल्याणीनेच घातली होती.

ते हात चालवणाऱ्या रेवताबाई इथे नागपुरात, तिच्या शेजारीच बसल्या होत्या. सत्तरीच्या सुईण, हातात तारा जोडलेले हातमोजे, डोळे मिटलेले. अशाच रिकाम्या मिनिटांबद्दल कल्याणीने गेल्या महिन्यात त्यांना लेखी ताकीद दिली होती.

"मावशी, डुलकी लागली काय? बोट तरी हलवा!"

"डुलकी लागंन तुह्या सासूले," रेवताबाई पुटपुटल्या. "लेकराचं डोकं माह्या तळव्यावर हाये. आता बोट हललं त मायले इजा व्हईन. कळ येऊ दे."

कल्याणीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. वारा पडल्यावर झाडाचं पानही इतकं स्थिर राहत नाही. यालाच आपण आळस म्हणत आलो, हे तिला उमगलं. दहा सेकंद उरले होते. तिने कुणाला न विचारता मर्यादा काढून टाकली आणि नोंदीत स्वतःचं नाव घातलं.

आणखी सहा मिनिटं तो हात तसाच राहिला. मग कळ आली, आणि भामरागडहून बाळाचं रडणं ऐकू आलं.

"घे," रेवताबाईंनी करंगळी हलवली. "हललं बोट. आता मोज तुही मिनिटं."